तिरंदाजीच्या नोंदी : मुलुंडचं मैदान, शनिवार-रविवार सकाळ

वयाच्या 39 व्या वर्षी पहिल्यांदा धनुष्य हातात घेतलं. शनिवार-रविवार सकाळी साडेसहा ते साडेआठ, बॅचमध्ये आम्ही 14 जण, त्यात निम्मी शाळकरी मुलं. फी महिन्याला 4,000 रुपये. पहिले तीन महिने धनुष्य-बाण वर्गाचे. रोजच्या वहीत जे लिहीत गेले तेच इथे तारखांसकट उतरवलंय. मोठेपणी सुरुवात करणाऱ्यांना यातल्या चुका टाळता आल्या तर पैसे आणि दोन-तीन महिने वाचतील.

6 जानेवारी 2024, शनिवार

बाण सोडला नाही. आधी डोळा तपासला. दोन्ही हात पुढे करून बोटांचा त्रिकोण करायचा, त्यातून लांबचा दिव्याचा खांब बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने खांब त्रिकोणातच राहतो तो आपला मुख्य डोळा. माझा उजवा निघाला, हातही उजवा, त्यामुळे प्रश्न मिटला. शेजारच्या मुलीचा हात उजवा पण डोळा डावा होता. सरांनी तिला पहिल्याच दिवशी डाव्या हाताचं धनुष्य दिलं. "आत्ता आठ दिवस अवघड जाईल, पण नंतर वर्ष वाचेल," म्हणाले.

मग शिट्ट्या. दोन वाजल्या की रेषेवर यायचं, एक वाजली की मारायला सुरुवात, तीन वाजल्या की बाण आणायला जायचं. लागोपाठ पाच वाजल्या तर जिथे असाल तिथे थांबायचं आणि दोरी सैल करायची. रिकामी दोरी ओढून कधीच सोडायची नाही, कारण बाणात जाणारी ताकद मग धनुष्याच्याच पात्यांत, म्हणजे वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांत, राहते आणि पातं चिरतं. हे सांगताना सर एरवीपेक्षा मोठ्याने बोलले.

14 जानेवारी, रविवार

पाच मीटरवरून मोठ्या बट्रेसवर (बाण रुततात तो जाड फळा), गुणांचा कागद न लावता. धनुष्य 18 पाउंडाचं, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढी ताकद लागते. तीस-एक बाण मारले आणि घरी येईपर्यंत डाव्या हाताच्या आतल्या बाजूला बांगडीच्या वर वीतभर काळंनिळं. हाताला दोरी लागू नये म्हणून बांधायचा आर्मगार्ड घातलेला असूनही, कारण दोरी त्याच्या वरच्या टोकालाच लागत होती.

माझं कोपर सरळ केलं की जरा जास्तच मागे वळतं. बऱ्याच बायकांचं तसं असतं. सरांनी भिंतीशी उभं केलं. डावा तळवा भिंतीला टेकवायचा, खांदा खाली ठेवायचा, तळवा अजिबात न सरकवता फक्त कोपर फिरवायचं. आधी कोपराची आतली घडी आकाशाकडे बघत होती, फिरवल्यावर ती उभी झाली. एवढ्याने दोरीला जायला दोन बोटं जागा मिळते. पहिल्या दिवशी कोपर फिरवलं की त्याबरोबर खांदाही वर यायचा. आठवडाभर स्वयंपाकघराच्या चौकटीला तळवा लावून रोज पन्नास वेळा केलं, तेव्हा दोन्ही हालचाली वेगळ्या झाल्या. घरात चहा उकळेपर्यंत एवढं सहज होतं.

खर्च : स्वतःचा फिंगर टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांवरचं संरक्षण) 700, आर्मगार्ड 350, चेस्टगार्ड (छातीला दोरी लागू नये म्हणून) 450. हे तिन्ही पहिल्या आठवड्यातच घ्या, कारण दुसऱ्याच्या मापाचा टॅब घालून बोटं सोलवटतात.

27 जानेवारी, शनिवार

अँकर, म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर हात टेकवायची ठरलेली जागा. दोरी ओढलेला हात हनुवटीखाली टेकतो, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला लागते. तिन्ही जागा लागल्या तरच मागची बाजू दर वेळी तीच राहते, कारण आमच्या रिकर्व्ह धनुष्याला (टोकं पुढे वळलेलं, ऑलिंपिकमधलं) मागे नेम धरायला काही नसतं, आपला चेहराच ते काम करतो. माझा हात दर वेळी वेगळ्या जागी टेकत होता. हनुवटी थोडी वर उचलली तरी बाण हातभर खाली. बाकी आज लिहिण्यासारखं काही नाही, दोन तास तेवढंच केलं.

3 मार्च, रविवार

पहिल्यांदा गुण मोजले. दहा मीटर, 80 सेंटिमीटरचा कागद, तीन बाणांची एक फेरी, अशा दहा फेऱ्या. रंग पाच : बाहेरून पांढरा, काळा, निळा, लाल, पिवळा. प्रत्येक रंगात दोन वर्तुळं, म्हणजे पांढऱ्यात 1-2 आणि पिवळ्यात 9-10. 80 च्या कागदावर प्रत्येक पट्टा चार सेंटिमीटर रुंद. बाणाची दांडी जास्त गुणांच्या वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी जास्तीचे गुण. कागदाला न लागलेला बाण म्हणजे 'एम'.

माझे 300 पैकी 147.

दोन चुका केल्या. एक, तिसऱ्या फेरीत गुण लिहायच्या आधीच बाण उपसायला हात घातला. कागद किंवा बाण हलला की रेषेचा वाद मिटवता येत नाही, म्हणून गुण लिहून होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. माझा बाण आठ आणि सातच्या रेषेवर होता. सरांनी सात लिहायला लावलं, ते बरोबरच होतं.

दुसरी चूक मोठी. एका फेरीत चार बाण मारले. मोजणी चुकली, भात्यातला चौथा आपोआप हातात आला. 9, 8, 7 आणि 5 लागले होते. जास्तीचा बाण असला तर सगळ्यात कमी गुणांचेच तीन धरतात, म्हणून 8, 7, 5 मिळून 20. त्या दिवसापासून भात्यात तीनच बाण ठेवते, बाकीचे मागे खुर्चीवर.

गुणपत्रिकेत बाण मोठ्याकडून लहानाकडे लिहितात. मी तेव्हा नुसतं तसं लिहीत गेले. या पद्धतीत काय झाकलं जातं हे कळायला मला पाच महिने लागले, ते पुढे येईल.

9 एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

पाडव्याचा मुहूर्त साधून धनुष्य घेतलं. सरांना विचारलं नाही. पूर्ण संच 21,500 : रायझर (मधला मुठीचा भाग), पाती, दोरी, रेस्ट (बाण टेकवायला), प्लंजर (बाणाला बाजूने आधार देणारी स्प्रिंगची खुंटी), साधं साइट (नेम धरायची पिन). बाण आठ, प्रत्येकी 450, म्हणजे 3,600. विक्रेत्याने विचारलं, किती पाउंडाचं मारता? मी म्हटलं, 18, पण पुढे वाढवायचंय. त्याने 32 ची पाती दिली आणि त्या पात्यांना जुळणारे 700 स्पाइनचे बाण (स्पाइन म्हणजे बाण किती वाकतो त्याचा आकडा). दोष त्याचा नाही, मीच वाढवायचंय म्हणाले होते.

4 मे, शनिवार

उजवा खांदा दुखतोय. पातीवर लिहिलेले पाउंड 28 इंच खेच, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढली, असं धरून असतात. माझी खेच साडेसव्वीस, आणि एका इंचामागे साधारण दोन पाउंड कमी होतात, म्हणून हातात 29 च्या आसपास येत होते. तरी 18 वरून एकदम 11 ची उडी. वजन पाठीच्या स्नायूंनी ओढायचं असतं. ते झेपेना म्हणून खांदा आणि दंड ओढायला लागले, अँकर हनुवटीपर्यंत पोचेना, आणि जानेवारीपासून बसवलेलं सगळं तीन आठवड्यांत विस्कटलं. फिजिओने दोन आठवडे धनुष्य बंद सांगितलंय.

सरांनी एकच कसोटी सांगितली : धनुष्य पूर्ण ओढून, अँकर लावून, न थरथरता तीस सेकंद धरता येतं का? मला नऊ सेकंद जमलं. विकत घेण्याआधी वर्गातल्या दुसऱ्याच्या धनुष्यावर ही कसोटी करून बघायला हवी होती.

25 मे, शनिवार

22 पाउंडाची पाती घेतली, 6,200. जुनी पाती आमच्याच वर्गातल्या एका काकांना 3,500 ला दिली, त्यांचा बांधा मोठा आहे. खांदा आता बरा. पण बाण सगळे डावीकडे.

आणि इथे मी आणखी दोन आठवडे घालवले. नियम पाठ होता : बाण जिकडे जातात तिकडे साइट सरकवायचं. डावीकडे गेले, साइट डावीकडे. पुन्हा डावीकडे, पुन्हा साइट डावीकडे. मधूनमधून पिवळ्यात लागायचे, त्यामुळे बरोबर चाललंय असं वाटत राहिलं.

8 जून, शनिवार

सर माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साइटची पिन दोरीपासून किती लांब गेलीय बघा." खरोखर, मागून पाहिलं तर पिन दोरीच्या कितीतरी डावीकडे होती. एवढं सरकवावं लागतंय म्हणजे दोष साइटचा नाही.

त्यांनी दोन बाणांची पिसं काढली. पिसांचे सहा आणि बिनपिसांचे दोन बाण मारायला लावले. पिसांचे मधे आले, बिनपिसांचे त्यांच्या वीतभर डावीकडे. उजव्या हाताने मारणाऱ्याचा बिनपिसाचा बाण डावीकडे गेला तर बाण धनुष्याला जड, म्हणजे कडक. बाण सुटताना थोडा वाकतो आणि रायझरला वळसा घालून जातो. कमी ताकदीच्या धनुष्यातून कडक बाण पुरेसा वाकत नाही, म्हणून डावीकडे ढकलला जातो. स्पाइनचा आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. मी 32 साठी घेतलेले 700 चे बाण 22 च्या पात्यांवर मारत होते. पाती बदलली, बाण बदलायला हवेत हे लक्षातच आलं नाही.

1000 स्पाइनचे आठ बाण, प्रत्येकी 500, एकूण 4,000. पाती 6,200 आणि बाण 4,000, त्यातून पातीचे आलेले 3,500 वजा जाता 6,700 रुपये. एवढी पाडव्याच्या घाईची किंमत. वेळ दोन महिने.

16 जून, रविवार

पाऊस. मैदानात चिखल, वर्ग शेजारच्या शाळेच्या सभागृहात. 18 मीटर जेमतेम बसतात. मैदानावर आदल्या रविवारी लावलेले कागद ओल्या बट्रेसवर फुगून मधोमध फाटले होते, आता खाकी पुठ्ठ्यावर खळीने चिकटवून मग लावतो. दोरीला मेण दर आठवड्याला. भांडुपहून लोकलने येताना पिशवी भिजली की घरी गेल्यावर पाती कोरडी करून उघड्यावर ठेवते, पिशवीत तशीच ठेवली तर कुबट वास येतो आणि स्क्रूला गंज.

आज एक बाण बट्रेसच्या लाकडी चौकटीला आपटून उलटा फिरला. कागदाला भोक पडलेलं होतं, पण आधीच्या फेऱ्यांची भोकं मी पेनाने खूण करून ठेवली नव्हती. कुठलं भोक नवं ते दाखवता आलं नाही. 'एम'. प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक भोकाजवळ दोन छोट्या रेघा मारायच्या, याला तीस सेकंद लागतात.

30 जून, रविवार

बाणांना नंबर घातले. एक ते आठ, पक्क्या मार्करने पिसाजवळ. आणि वहीत दोन पानं : डावीकडे नेहमीची गुणपत्रिका, उजवीकडे कागदाचं छोटं चित्र. त्यात प्रत्येक बाण जिथे लागला तिथे त्याचा नंबर.

पहिल्याच दिवशी दिसलं की चार नंबरचा बाण दहापैकी आठ वेळा उजवीकडे खाली, निळ्यात. इतर सात सगळीकडे पसरलेले, पण याची जागा ठरलेली. मी चार नंबर डोळ्यांसमोर आडवा धरून फिरवला. सरळ होता. नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) बदललं, तरी तसंच. मग सरांनी तो कानाजवळ धरला आणि दोन्ही टोकांकडून अगदी हलकेच वाकवला. मला ऐकवला. अगदी बारीक करकर, पापड मोडण्याआधी येतो तसा आवाज. पुन्हा दुसऱ्या बाजूने वाकवला, पुन्हा तोच. बोटाने चाचपल्यावर टोकापासून चार बोटांवर केसाएवढी चीर लागली. चौकटीला आपटलेला बाण बहुधा हाच. कार्बनचा चिरलेला बाण सुटताना फुटून त्याच्या कांड्या हातात घुसू शकतात. सरांनी तिथेच मोडून कचऱ्यात टाकला. आता चौकटीला किंवा जमिनीला लागलेला प्रत्येक बाण कानाशी धरून वाकवल्याशिवाय मी परत मारत नाही. मुलांना पालकांनी हे आवर्जून शिकवा.

25 जुलै, गुरुवार

वर्ग नाही, पण नोंद करावीशी वाटली. संध्याकाळी लोकलमध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या क्रमवारी फेरीची बातमी वाचली. कोरियाच्या लिम सिह्यॉनने 72 बाणांत 720 पैकी 694 गुण केले, विश्वविक्रम. वहीत हिशोब मांडला : 72 बाणांत फक्त 26 गुण गमावले, म्हणजे कमीत कमी 46 बाण दहात. आणि ते 70 मीटरवरून, 122 सेंटिमीटरच्या कागदावर, जिथे दहाचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचं, आमटीच्या वाटीएवढं. अंकिता भकतचे 666, भारतीय मुलींत सगळ्यात जास्त.

आमच्या वर्गातली मुलं मात्र ओजस देवतळे आणि अदिती स्वामी यांचीच नावं घेतात. 2023 साली बर्लिनला दोघं कंपाउंडमध्ये (चाकं लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात) जगज्जेते झाले, एक नागपूरचा, एक साताऱ्याची. ओजसने अंतिम सामन्यात 15 बाणांत 150 पैकी 150 केले, समोरच्याचे 149 झाले होते. एका नऊमुळे समोरच्याचं जगज्जेतेपद गेलं. 18 मीटरवर सात आणि आठ यांच्यातली रेष मी आजवर सहज सोडून देत होते. आता वाकून बघते.

4 ऑगस्ट, रविवार

पहिल्यांदाच पूर्ण 60 बाण. 18 मीटर, 60 सेंटिमीटरचा कागद, तीन-तीनच्या 20 फेऱ्या. 600 पैकी 419.

घरी येऊन वही उघडली. गुणपत्रिकेवर प्रत्येक फेरी उतरत्या क्रमाने : 9-7-5, 8-8-6, 9-8-4. त्यावरून एवढंच कळतं की मी सरासरी सात मारते. पण या वेळी मी दर फेरीत बाण नंबरांच्याच क्रमाने मारले होते आणि चित्रात नंबर होते, म्हणून पहिला, दुसरा, तिसरा बाण वेगळे काढता आले. तीन बेरजा केल्या :

पहिल्या बाणांची बेरीज 152. दुसऱ्या बाणांची 149. तिसऱ्या बाणांची 118.

मी बराच वेळ त्या 118 कडे बघत बसले. पहिल्या दोन बाणांना मला काही अडचणच नव्हती. 20 फेऱ्यांत माझे तीसहून जास्त गुण एकाच जागी जात होते, आणि चित्रात तिसरे बाण जवळजवळ सगळे खाली. उतरत्या क्रमाच्या पत्रिकेत हे कधीच दिसलं नसतं. ती पत्रिका सामन्यासाठी बरोबरच आहे, पण शिकायला पुरत नाही.

11 ऑगस्ट, रविवार

सरांनी मागून व्हिडिओ काढला. तिसऱ्या बाणाला अँकर लागतो न लागतो तोच मी सोडते, आणि सोडताना ओढणारा हात मागे जायच्या ऐवजी इंचभर पुढे सरकतो. खेच कमी, ताकद कमी, बाण खाली. मग त्यांनी व्हिडिओतलं घड्याळ दाखवलं. तीन बाणांना वर्गात दोन मिनिटं असतात. माझे तिन्ही बाण 48 सेकंदांत संपत होते. दमलेल्या हाताने मी घाई करत होते आणि एका मिनिटापेक्षा जास्त वेळ तसाच पडून राहत होता.

उपाय अगदी साधा. प्रत्येक बाणानंतर धनुष्याचं खालचं टोक बुटावर टेकवायचं, दोन्ही खांदे सोडायचे, दोन श्वास, मग पुढचा बाण भात्यातून काढायचा. बाण काढण्याआधी श्वास, नंतर नाही, कारण बाण हातात आला की मी थांबत नाही. पहिल्या दिवशी हे पाळताना पहिले दोन बाणही बिघडले. तरी चालू ठेवलं.

सप्टेंबर

गणपतीत दहा दिवस वर्ग बंद, नंतर दोन रविवार मेगाब्लॉकमुळे उशिरा पोचले. घरी रबरी पट्टा ओढून अँकर आणि दोन श्वास एवढंच केलं. तिसऱ्या बाणाचा हात त्यानेच टिकला असं मला वाटतं.

12 ऑक्टोबर, शनिवार, दसरा

मैदानावर परत. चिखल वाळलाय. सकाळी सगळ्यांनी धनुष्यं सतरंजीवर ओळीने मांडून शस्त्रपूजा केली, झेंडूची माळ प्रत्येक रायझरवर, आपट्याची पानं बट्रेसलाही. पूजेआधी सरांनी बजावलं : कुंकू रायझरला लावा, दोरीला आणि पात्यांच्या टोकाला नको. दोरीच्या धाग्यात गेलेली पूड निघत नाही आणि धागा झिजवते. मी नारळाचं पाणी उडेल म्हणून फिंगर टॅब आधीच पिशवीत टाकला. त्यानंतर सगळ्यांनी एकेकच बाण मारला. माझा लालमध्ये, आठ.

20 ऑक्टोबर, रविवार

60 बाण, 18 मीटर, तोच 60 चा कागद. वारा थोडा उजवीकडून, पण एवढ्या अंतरावर जाणवला नाही.

पहिले बाण 158. दुसरे 155. तिसरे 146. एकूण 459.

तीन बाणांना लागलेला वेळ सरासरी 95 सेकंद, हे एका मुलाने मोबाइलवर मोजून दिलं. बाराव्या फेरीत एकदा श्वास विसरले आणि तिसरा बाण काळ्यात गेला, चित्रात तो एकटाच खाली दिसतो. 40 गुण वाढले, त्यातले 28 तिसऱ्या बाणाचे.

सहा नंबरचा बाण आज दोनदा वेगळ्या जागी लागला. कानाशी धरून वाकवला, आवाज नाही. नॉकला बारीक चीर आहे, बदलायला ठेवलाय. पुढच्या शनिवारपासून सरांनी 40 सेंटिमीटरचा कागद लावायला सांगितलाय, पाती 22 चीच.